घर राहणाऱ्यालाच विकणे आहे

जाहिरात मी स्वतः लिहिली. माझा मुलगा निहार म्हणत होता की हल्ली ती यंत्राकडून लिहून घेतात, वाचणाऱ्याने डोळे मिटून सही करावी अशी. मी म्हटलं, डोळे मिटून सह्या करणारी माणसं मी नोकरीत रोज पाहिली, मला उघड्या डोळ्यांचं गिऱ्हाईक हवंय. मग लिहिलं:

‘अकोल्यात, मोर्णा नदीच्या पलीकडे, स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं घर विकणे आहे. चार खोल्या, मोठी बैठक, गच्ची. एसी नाही, लागतही नाही. भर वैशाखात आत सत्तावीस अंश. घर राहणाऱ्यालाच मिळेल. कुलूप लावणाऱ्यांनी फोन करण्याची तसदी घेऊ नये.’

निहारचा पुण्याहून लगेच फोन. “आई, अशी जाहिरात असते का?”

“आता आहे.”

“लोक हसतील.”

“हसू देत. त्याला काही बिल येत नाही.”

मी प्रणिता बोंद्रे. वीज खात्याच्या तक्रार खिडकीमागे माझी सगळी नोकरी गेली. बिल जास्त आलं, मीटर पळतो, लाइनमन फिरकत नाही, हे ऐकता ऐकता माझा स्वभाव जो तिखट झाला तो झालाच. निवृत्तीनंतर उतरेल अशी माझ्या नवऱ्याला, अनुपला, आशा होती. ती आशा तशीच ठेवून तो गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षी गेला. माझी धाकटी बहीण चिखलदऱ्याला कॉफीची बाग सांभाळत एकटी राहते, ती कधीची बोलावते आहे. शिवाय एवढ्या मोठ्या घरात मी एकटीने या खोलीतून त्या खोलीत फिरायचं, हे मला त्या घरावर अन्याय केल्यासारखं वाटायला लागलं होतं. म्हणून विकायचं ठरवलं. कुणी हाकलत नव्हतं, कसली अडचण नव्हती. माझी मर्जी.

आता घराविषयी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

अनुप डाळमिलमध्ये इंजिनिअर होता. डाळ वाळवायची अवाढव्य यंत्रं तो सांभाळायचा, त्यामुळे उष्णता कुठून येते आणि कुठे जाते याचा विचार त्याच्या डोक्यात कायमचा चालू असायचा. आमच्याकडचा उन्हाळा अठ्ठेचाळिसाच्या घरात गेला तेव्हा गावाने मोठे एसी घेतले. एसी करतो काय, तर घरातली उष्णता उचलून गल्लीत टाकतो. गल्ली तापली की शेजाऱ्याचा एसी आणखी जोरात चालतो आणि ती तुमच्याकडे परत पाठवतो. अनुप म्हणायचा, हा आपला केर दुसऱ्याच्या दारात लोटायचा प्रकार आहे. त्याला असं घर हवं होतं की ज्याची उष्णता कुणाच्याच दारात पडणार नाही.

त्यासाठी त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली भिंतींची. आमच्या विटा पोकळ आहेत आणि त्यांच्या पोटात सत्तावीस अंशांना वितळणारं एक मेण आहे. बर्फ वितळताना भोवतालची उष्णता पितो, पण पूर्ण पाणी होईपर्यंत स्वतः शून्याच्या वर जात नाही. या मेणाचंही तसंच. दिवसभर ऊन भिंतीवर आदळतं, मेण हळूहळू वितळत ते पीत राहतं आणि खोली सत्तावीसवर थांबते. पण रात्री मेण पुन्हा गोठलं तरच ते दुसऱ्या दिवशी कामाचं, म्हणजे प्यायलेली उष्णता कुठेतरी टाकायला हवी. ती दुसरी गोष्ट, छताची. आपल्या डोक्यावरची हवा उष्णतेच्या बहुतेक लहरी अडवून धरते, पण काही ठरावीक लांबीच्या लहरींसाठी ती उघड्या खिडकीसारखी असते. त्या खिडकीतून गेलेली उष्णता थेट अंतराळात जाते, आणि तिथे एवढी थंडी आहे की आपण कितीही टाकली तरी त्याला पत्ता लागत नाही. आमच्या छतावर एक पांढरी फिल्म आहे. ती जवळजवळ सगळं ऊन परतवते आणि स्वतःची उष्णता नेमक्या त्याच लहरींमधून सोडते, त्यामुळे भर दुपारीही तिच्यावर हात ठेवला तर गार लागतो. भिंतींमधून छतापर्यंत पाण्याच्या नळ्या नेल्या आहेत. रात्री एक चिमुकला पंप ते पाणी फिरवतो आणि भिंतींचं ओझं वर आकाशात रिकामं होतं. बस्स, एवढंच. ना खडखड, ना घरघर.

ती फिल्म महाग होती. सरकारच्या आकाशछत योजनेत सवलतीत मिळाली आणि तिथेच आमची मान अडकली.

कारण पुढे आकाशात टाकलेल्या उष्णतेला भाव आला. प्रत्येक छत किती उष्णता वर सोडतं ते उपग्रह मोजायला लागले. मोठमोठ्या संगणक-केंद्रांनी जेवढी उष्णता ओतली तेवढी कुणीतरी आकाशात सोडल्याचे दाखले त्यांनी दाखवावेत, असा कायदा झाला. सरकारने आकाशछतचे करार नभशीत नावाच्या कंपनीकडे सोपवले, ती असे दाखले गोळा करून विकते. त्यांचा हिशेब सरळ आहे. छताने सोडलेली उष्णता, त्यातून घरात तयार झालेली उष्णता वजा. घरात तयार होणारी, घरात बसवलेला त्यांचा मापक मोजतो ती, म्हणजे गॅसची, फ्रिजची, दिव्यांची आणि माणसांची. आपण नुसते बसलो तरी जुन्या काळच्या शंभराच्या बल्बएवढी उष्णता सोडत असतो. मग सगळ्यांत चांगलं घर कोणतं? ज्यात कुणीच राहत नाही ते.

तुम्हाला वाटेल मी थट्टा करतेय. नभशीतने पहिल्या श्रेणीची, म्हणजे या हिशेबात सगळ्यांत वरची, घरं विकत घेऊन त्यांना कुलपं लावायचा सपाटाच लावला. आमच्या गल्लीतलं धोट्यांचं घर असंच गेलं. आत सत्तावीस अंश, आणि त्या गारव्याचा उपभोग घ्यायला एक पालसुद्धा नाही. कंपनीने पालींचाही बंदोबस्त करून घेतला होता.

धोट्यांच्या पोर्चमध्ये गजाननभाऊ सोनटक्के इस्त्रीचं टेबल लावायचे. धोटे असेपर्यंत कुणी हरकत घेतली नाही. कंपनी आली आणि इस्त्रीची उष्णता हिशेबात येते म्हणून पोर्चला जाळी लागली. गजाननभाऊंनी टेबल रस्त्याच्या कडेला हलवलं. मागच्या वैशाखात एका दुपारी ते त्या जाळीला टेकून बसले आणि बसल्या जागी कलंडले. मी आणि समोरची मीनल गावंडे, आम्ही दोघींनी त्यांना उचलून माझ्या बैठकीत आणलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, पायाला बर्फ चोळत बसलो. जीव वाचला. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या माणसाला यापुढे टिनाखाली उन्हाळा काढायला लावू नका. सोनटक्क्यांचं घर टिनाचंच.

शुद्धीवर आल्यावर गजाननभाऊ मलाच समजावत होते. “मले कोनाचं काई घ्याचं नव्हतं, ताई. आतमंदी गार होतं ना. जाळीतून जराशी हवा येत होती, म्हनून टेकलो.”

जाहिरातीतलं कुलपाचं वाक्य कुठून आलं ते आता कळलं असेल.

पहिला फोन अर्थातच नभशीतचा. त्यांचा माणूस तन्मय राठी दुसऱ्याच दिवशी दारात हजर. तिशीचा, नम्र, घामाने निथळत होता. बैठकीत बसला, पाठ भिंतीला टेकली आणि त्याने असा काही श्वास सोडला की मलाच त्याची दया आली. ताक दिलं. आणखी एक पेला मागून घेतला.

“काय घर बांधलंय सरांनी,” तो म्हणाला. “सलग पंधरा वर्षं पहिली श्रेणी. आख्ख्या जिल्ह्यात असं दुसरं नाही, मॅडम.”

“तुम्ही कुठे राहता?”

“फ्लॅटमध्ये. दुपारीच एसीच्या विजेचा कोटा संपतो. मुलगी रडरड रडते.”

“मग तुम्हीच घ्या की हे घर. तुमच्या नावावर. तुम्हाला आनंदाने देईन.”

तो हसला. मी हसत नव्हते हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं. मग पेला खाली ठेवून त्याने कामाचं काढलं. “मॅडम, आकाशछतच्या करारात पहिला हक्क आमचा आहे. तुम्ही कुणाशीही व्यवहार ठरवा, तीच किंमत देऊन घर आम्ही घेऊ शकतो. मग दुसऱ्या कुणाला कशाला आशेला लावायचं? उलट आम्ही चार पैसे जास्तच देऊ.”

“आणि कुलूप लावाल.”

“घर जपू, मॅडम. अगदी जसंच्या तसं.”

“लोणच्याची बरणी जपतात, राठी. घरात राहतात.”

तो गेल्यावर मी करार काढला. तक्रार खिडकीची सवय, बारीक अक्षर आधी वाचायचं. पहिला हक्क त्यांचा होता, खराच होता. मात्र तो फक्त पहिल्या श्रेणीच्या घरांवर. श्रेणी ठरते उन्हाळ्याच्या सरासरीवर, ज्येष्ठ संपताना. खालच्या श्रेणीच्या घरात त्यांना रस नाही, म्हणून हक्कही नाही. तेव्हा मला त्याचा काही उपयोग दिसला नाही. अनुपचं घर आणि खालची श्रेणी, हे माझ्या डोक्यात एका ठिकाणी येतच नव्हतं.

त्याच आठवड्यात गजाननभाऊंची सून अंकिता घर बघायला आली. औषधाच्या दुकानात काम करते, नवरा सुयोग शहर बसवर ड्रायव्हर. दोघांनी कर्ज मंजूर करून आणलं होतं. तिने भिंती वाजवून पाहिल्या, पंप कुठला, मेण गळतं का, फिल्म किती वर्षं टिकते, सगळं विचारलं. मग घासाघीस सुरू केली ती अशी की मी थक्क झाले. माझ्याकडे उपकार मागायला आली नव्हती पोरगी, घर घ्यायला आली होती. मला फार आवडलं. किंमत ठरली आणि मग तिला मी पहिल्या हक्काचं सांगितलं. लपवायचं कशाला?

अंकिताने विचारलं, “म्हणजे आपण ठरवायचं आणि घ्यायचं त्यांनी?”

“सध्या तरी असंच दिसतंय.”

“बाबांना मी सांगून बसले, काकू. यंदाचा उन्हाळा शेवटचा टिनाचा म्हणून.” एवढं बोलून ती उठली. दारापर्यंत गेली आणि परत वळली. “तुम्ही दुसरं गिऱ्हाईक बघू नका. मी अजून नाही म्हटलेलं नाही.”

तेव्हापासून मी गजाननभाऊंना रोज दुपारी बैठकीत आणून निजवायला लागले. त्यांना पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ते घोरायला लागले.

आता कुरडयांची गोष्ट. आमच्या गल्लीचं उन्हाळी काम दरवर्षी माझ्या बैठकीत चालतं, कारण दुसरीकडे कुठे बसवतच नाही. पापड लाटायचे इथे, शेवया इथे, गव्हाचा चीक शिजवायचा माझ्या ओट्यावर, आणि वाळवण न्यायचं मीनलच्या टिनावर. मीनल या सगळ्याची सेनापती. आवाज असा की नदीपलीकडे ऐकू जावा. त्या दिवशी मी बँकेत गेले होते. परत आले तर बायका माझ्या गच्चीवरून उतरत होत्या, पदराला हात पुसत.

“झाल्या सगळ्या टाकून,” मीनल म्हणाली. “टिनावर पाय ठेवला तं चर्र करून रायलं व ताई. पायाले फोड आले माह्या. तुमच्या गच्चीवर कसं गारगार वाटते. म्हटलं, आता इथंच टाकू.”

मी कपाळावर हात मारला. “मीनल, पाय भाजत नाही म्हणून टाकल्यास? अगं, ज्या छतावर पाय भाजत नाही त्याच्यावर कुरडई कशी वाळेल?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हे माह्या डोक्यातच नाई आलं.”

व्हायचं तेच झालं. वरून कुरडया कडक, खालून ओल्या गच्च. दुसऱ्या सकाळी सगळ्या आंबल्या, खाली अंथरलेल्या साड्यांना चिकटल्या, गच्चीवर उभं राहवेना. मीनल स्वतःलाच शिव्या घालत खरवडत होती. मी बादली घेऊन वर गेले तेव्हा माझा फोन वाजला. नभशीतचा संदेश होता. ‘छतावर बाह्य वस्तू. कालची श्रेणी तिसरी. कृपया छत मोकळे करावे.’

मी तो तिथेच उभ्याने पुन्हा पुन्हा वाचला. गडद साड्यांनी ऊन शोषून घेतलं होतं आणि फिल्मची आकाशाकडची वाट बंद केली होती. पंधरा वर्षांत जे घडलं नव्हतं ते मीनलच्या आंबलेल्या कुरडयांनी एका दिवसात करून दाखवलं होतं.

“मीनल,” मी म्हटलं, “खरवडणं थांबव. गहू अजून किती जणींकडे भिजत आहेत?”

ती चपळ डोक्याची बाई. पहिल्या हक्काचं सगळं सांगितल्यावर तिने वाळवणाचा प्रश्नही चुटकीसरशी सोडवला. गल्लीतल्या खाटा-बाजा गोळा करायच्या, गच्चीभर लावायच्या, त्यांच्यावर काळं प्लास्टिक अंथरायचं. वाळवण गार फिल्मपासून हातभर उंच राहील, प्लास्टिक तापेल, कुरडया खडखडीत वाळतील आणि फिल्मला आकाश दिसणार नाही. संध्याकाळी बाजा उभ्या करून ठेवायच्या, म्हणजे रात्री छत मोकळं आणि भिंतीतलं मेण गोठायला वाव. घर जगलं पाहिजे. फक्त त्यांच्या कामाचं राहता कामा नये.

मी ही बातमी चार घरी पोचवली, उरलेल्या गावभर मीनलने. कुणाचे सांडगे, कुणाच्या साबुदाण्याच्या चकल्या, कुणाच्या लाल मिरच्या. माझ्या ओट्यावर एका वेळी दोन शेगड्या जास्तीच्या पेटल्या. बैठक माणसांनी फुलून गेली. अंकिता आणि सुयोगला मी सांगितलं, खरेदीखत होईल तेव्हा होईल, तुम्ही सामान घेऊन आत्ताच राहायला या. घरात जितकी माणसं तितकं बरं. बैठकीतला काटा सत्तावीसवरून एकोणतीसवर गेला. बाहेर अठ्ठेचाळीस होते. एकोणतीसने कुणी मेलेलं नाही.

निहारला नकाशावरून कळलं. उपग्रहाच्या नकाशावर प्रत्येक छताचा एक ठिपका असतो, गार तो निळा, तापलेला तो लाल. आमचा ठिपका पंधरा वर्षं निळाशार होता. अनुप रोज सकाळी चहाच्या आधी तो बघायचा, देवाला हात जोडावेत तसा. निहारलाही ती सवय बापाकडून लागलेली. पिवळा ठिपका पाहून तो शनिवारी थेट आला आणि बॅग हातात घेऊनच गच्चीवर चढला.

बाजा, प्लास्टिक, मिरच्या. त्याने बॅग खाली ठेवली.

“आई, बाबांचं घर आहे हे.”

“माझंही आहे. मी बाबांच्या शेजारी उभी राहून विटा भिजवल्यात.”

“कंपनी जास्त देत असताना तू कमी किमतीला विकतेस, ठीक, तुझा पैसा. पण श्रेणी? बाबांनी आयुष्यात मिरवण्यासारखी एवढी एकच गोष्ट केली, आणि तू तिच्यावर मिरच्या वाळवतेस?”

लागलं मला ते. खोटं कशाला बोलू? तो निळा ठिपका बघताना अनुपचा चेहरा कसा व्हायचा ते मला निहारपेक्षा जास्त माहीत आहे. गेले कित्येक दिवस मी सकाळी नकाशा उघडायचं टाळत होते. रंग फिका होताना बघवत नव्हता.

“निहार, बाबांनी हे घर ठिपक्यासाठी बांधलं का?”

“मला माहीत नाही. पण ठिपका गेला की पुढे कुणाला कळणारसुद्धा नाही की अनुप बोंद्र्यांनी काही केलं होतं.”

मी त्याला हाताला धरून खाली आणलं. बैठकीत बायका पापड लाटत होत्या, सुयोग रात्रपाळी करून आडवा झाला होता, कोपऱ्यात गजाननभाऊ भिंतीला पाठ लावून गाढ झोपले होते. “यांना कळतंय,” मी म्हटलं. “तू आवाज केलास तर जागे होतील.”

वाटलं होतं पोराला पटेल. नाही पटलं. जेवला, भांडला, दुसऱ्या दिवशी परत गेला. जाताना म्हणाला, “तू नेहमी तुझंच खरं करतेस.” ते मात्र खरं आहे.

मग राठी आला. या वेळी बैठकीत न थांबता तडक वर. उन्हाने त्याचा चेहरा लाल झाला होता, की रागाने, कोण जाणे. मी बाजेवर सोऱ्याने कुरडया घालत होते. मीनल चिकाचं पातेलं धरून उभी.

“मॅडम, हे जाणूनबुजून श्रेणी घसरवणं आहे. करारभंग होतो.”

“करारात लिहिलंय, छताच्या घरगुती वापरास मुभा. कुरडई घरगुती नाही तर काय? कारखाना दिसतो का कुठे?”

“पंधरा वर्षांत तुम्ही गच्चीवर कधी वाळवण घातलं नाही.”

“टिनावर पायाले फोड येतात आता,” मीनल मध्येच म्हणाली. “दाखवू का तुले?”

राठीने तिच्याकडे दुर्लक्ष करायचा प्रयत्न केला. तो इतका सोपा नसतो. मग त्याने आवाज खाली आणला. “मॅडम, मी वरपर्यंत बोललोय. तुम्ही आज गच्ची मोकळी करा, उरलेल्या दिवसांत सरासरी वर येईल. किंमत दुप्पट. शिवाय या घराला सरांचं नाव देऊ, अनुप बोंद्रे शीतगृह. दारावर त्यांची माहिती, फोटो. देशभरातून इंजिनिअर बघायला येतील. आणि यंदा श्रेणी गेली ना, तर नियमाप्रमाणे मागचं सगळं रेकॉर्ड पुसलं जातं. पंधरा वर्षं शून्य होतील. तुम्ही सरांचं काम पुसताय.”

सोऱ्या माझ्या हातात तसाच राहिला. नावाचं कुणी बोललं नव्हतं आजवर. अनुपला आयुष्यात कुणी हार घातला नाही. डाळमिलने निवृत्तीला एक घड्याळ दिलं तेही बंद पडणारं. त्याचा फोटो दारावर, माणसं येतायत, बघतायत, हे मला क्षणभर अगदी डोळ्यांसमोर दिसलं. आणि हवंसं वाटलं.

“आत येतील का ते इंजिनिअर?” मी विचारलं.

“आत नाही. आत कुणालाच नाही. बाहेरून.”

“जाळीतून?”

त्याने कपाळाचा घाम पुसला.

“राठी, तुमच्या मुलीला घेऊन या दुपारची. खाली झोपवा, कोटा संपला की. तिला इथे कुणी अडवणार नाही. बाकी माझं उत्तर हे.” आणि मी सोऱ्या फिरवून एक मोठी कुरडई काळ्या प्लास्टिकवर घातली. ती वाकडी पडली. मीनल म्हणाली, पडू द्या, वाकडी काय तळली जात नाही?

राठी गेला. मुलीला घेऊन मात्र आला, दोन दिवसांनी, मान खाली घालून. मी ताक दिलं.

ज्येष्ठ संपत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता. त्या दुपारी बैठकीत एवढी गर्दी होती की मला स्वतःच्याच घरात उंबऱ्यावर बसावं लागलं. निहारचा फोन नव्हता बरेच दिवस. गजाननभाऊ उठून बसले होते आणि राठीच्या मुलीला इस्त्रीची घडी कशी मोडायची नाही ते शिकवत होते. तेवढ्यात अंकिता फोन घेऊन आली. अक्षर बारीक होतं, तिने मोठ्याने वाचलं. बायकांनी लाटणी थांबवली.

“हंगामी श्रेणी चौथी. नभशीतचा पहिला हक्क संपुष्टात. मागील नोंदी रद्द.” ती थांबली. सुयोगने तिचा हात धरला. “काकू, पुढे आहे अजून. कारण...” तिने वर पाहिलं, मग परत फोनकडे. “कारण: घरात माणसे आढळली.”

मागील नोंदी रद्द. अनुपची पंधरा वर्षं त्या दोन शब्दांत गेली आणि माझे डोळे भरून आले, सगळ्यांसमोर, पदर लावायलाही वेळ मिळाला नाही. मग ते शेवटचं वाक्य डोक्यात शिरलं. आढळली म्हणे. झुरळं आढळावीत तशी.

“खाली काही लिहिलंय?” मी विचारलं.

“हरकत असल्यास कळवावे, असं आहे. उत्तराची जागा आहे.”

“दे इकडे.”

चष्मा सापडेना, गजाननभाऊंनी त्यांचा दिला. मी एकेक अक्षर दाबून लिहिलं. हरकत नाही. माणसे आहेत. राहतील.